सदनिका क्रमांक २०३ मधील आवाज

ही हकीकत दोन हजार तेवीस सालची. साल लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण त्या वर्षी शहरातल्या पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. शहराचं नाव बदललं होतं. दुकानाच्या पाटीवर एक नाव, बिलावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तो ज्या मूडमध्ये असेल ते. त्या धामधुमीत रत्नमालाबाई त्रिभुवन यांच्यावर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कीबोर्ड विकत घ्यायची वेळ आली.

कीबोर्ड घेणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. माणसं पातेलं घेतात तसा कीबोर्ड घेतात, बुडाला भोक नाही ना एवढं बघतात आणि घरी येतात. पण रत्नमालाबाईंचं तसं नव्हतं. गुलमंडीच्या मागच्या बोळात, कापडदुकानाच्या माडीवर, तेहेतीस वर्षं त्यांची 'त्रिरत्न टंकलेखन संस्था' होती. अठरा मशिनी. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तिथं असा खडखडाट चाले की खालचा कापडवाला गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायला शिकला होता. जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्या बाईंच्या हाताखालून गेलेल्या. नवा विद्यार्थी आला की बाई त्याच्या दोन्ही हातांवर रुमाल टाकत आणि म्हणत, "कळांकडं बघायचं नाही. डोळे कागदावर. चूक कानाला कळते."

पुढं मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या, संस्था बंद झाली, मशिनी भंगारात गेल्या. बाईंची बोटं मात्र चालूच राहिली. गॅलरीच्या कठड्यावर, डाळीच्या डब्यावर, बसच्या दांडीवर ती आपली चालत. त्यांचे यजमान राजकुमार वीज मंडळातून निवृत्त झालेले. पाठीला बाम लावून घेताना ते म्हणत, "माझ्या पाठीवर अर्ज लिहून झाला असेल तर आता चोळ."

तर अशा बाईंच्या घरी, आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन सुरू झालं त्या दिवशी, त्यांच्या सासूबाई मनकर्णाबाई घरी येऊन खाटेवर बसल्या आणि जाहीर करत्या झाल्या.

"पुस्तकात समद्यांचं हाय. आमचं नाय."

"कुणाचं नाही, आत्याबाई?"

"आमचं. वैजापूरच्या बाजारात कांदे निवडणाऱ्या बायांचं. मी सांगते, तू लिव. आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं का माझं पुस्तक इहारात ठिवायचं."

मनकर्णाबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली, कान मात्र असे की तिसऱ्या मजल्यावर कुणी डबा उघडला तर आत चिवडा आहे की शेव ते सांगत. आठवण मात्र आता चाळणीची झाली होती. आज सांगितलेलं नाव उद्या सापडत नसे. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि रत्नमालाबाईंनाही, म्हणून दोघींनाही घाई होती, आणि दोघीही तसं बोलत नव्हत्या.

पहिल्यांदा वही-पेन झालं. पण बाईंचा हात रांगे आणि सासूबाईंची जीभ धावे. मग राजकुमारांनी मोबाइल समोर धरला. "माय, बोल. सगळं आत जातंय." मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि परक्याच आवाजात सुरुवात केली, "मी मनकर्णा कचरू त्रिभुवन, धंदा मजुरी, सत्य सांगते का..." आणि तीन वाक्यांत संपवून सहीसाठी पेन मागितलं. तहसीलपुढं त्यांनी आयुष्यात एवढंच बोलणं लिहवून घेतलेलं. डब्याशी बोलायचं म्हणजे जबाबच, अशी त्यांची समजूत होती.

मग मुलगा आकाश पुण्याला जाताना ठेवून गेलेला लॅपटॉप निघाला. आकाशनं फोनवरूनच त्यात बाईंच्या जुन्या मशीनची मराठी बसवून दिली. कळा त्याच जागी, क जिथं होता तिथंच. बाईंनी बोटं ठेवली, सासूबाई बोलायला लागल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला थांबल्या.

"लिवती का नुसतीच बसली?"

"लिहितेय की."

"आवाज कुठंय?"

लॅपटॉपच्या कळांना आवाज नव्हता. जो होता तो पिठावर बोट दाबल्यासारखा. मनकर्णाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तहसीलपुढं लिंबाखाली एक टायपिंगवाला बसायचा. त्याचं मशीन वाजलं की अर्ज पुढं सरकायचा. वाजायचं थांबलं की तो विडी ओढत असायचा. तेव्हापासून आवाज बंद म्हणजे काम बंद. सुनेवर अविश्वास होता असं नाही. पण मुकं यंत्र आपलं ऐकून घेतंय हे त्यांच्या जिवाला पटेना, आणि जिवाला पटल्याशिवाय त्यांना आठवेना.

तुम्ही म्हणाल, माळ्यावर एखादं जुनं मशीन नव्हतं का? होतं. पण त्याची फीत वाळून सुतळी झाली होती, आणि छापखानेवाल्या सुलेखाताईंनी आधीच सांगितलं होतं, "बाई, कागद नका आणू. फाइल आणा."

रत्नमालाबाईंनी आकाशला फोन केला.

"मम्मी, मेकॅनिकल घे."

"म्हणजे काय?"

इथून पुढं आकाश चाळीस मिनिटं बोलला. एरवी तो फोनवर जेवलीस का, जेवलो, ठेवू का, एवढंच बोलतो. साध्या कीबोर्डात म्हणे खाली रबराचा पापुद्रा असतो, मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र खटका. खटके तीन जातींचे. तांबडा मुका, तपकिरी मधलाच, निळा बोलका. "तुला निळा पाहिजे. पण शेजारी कटकट करतील हं."

"शेजाऱ्यांना काय करायचंय?" बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी पुढं बरेच दिवस आठवलं.

राजकुमारांना हा सगळा थाटमाट वाटला. त्यांनी बाजारातून साधा कीबोर्ड आणला आणि विजयी मुद्रेनं टेबलावर ठेवला. बाईंनी एक ओळ मारून पाहिली. पावसाळ्यात सादळलेल्या पापडावर बोटं फिरवावीत तसं झालं. सासूबाईंनी खाटेवरूनच विचारलं, "सुरू केलं का अजून?"

राजकुमार हार मानणारे नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी वीज नसलेल्या गावांना वीज येणार म्हणून सांगितलेलं. त्यांनी मोबाइलवर टाइपरायटरचा आवाज शोधून काढला, मोबाइल कीबोर्डमागं लपवला आणि बायकोला डोळ्यांनी खूण केली. खटखट सुरू झाली. मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला. त्या थेट छपन्न सालात गेल्या. भाऊ नागपूरहून दीक्षा घेऊन आला, अंगणात माणसं जमली, त्याच्या अंगावरची पांढरी कापडं धुळीनं लाल झाली होती, आणि त्यानं पहिल्यांदा तोंड उघडून काय सांगितलं, तर...

"गुडघेदुखीनं त्रस्त आहात?" मोबाइल म्हणाला. "आजच मागवा."

राजकुमारांनी मोबाइल घाईघाईनं खिशात घातला.

"राजू," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आईला फसवायचं तर नीट तरी फसवावं."

त्या दिवसापासून त्यांनी सांगणं बंद केलं. विचारलं की म्हणायच्या, "मशीन आलं का बघा आधी."

तोवर ही बातमी इमारतीत पसरली होती. वरच्या मजल्यावरच्या लीलाबाई मेथी निवडायला घेऊन आल्या. आमच्या जावयाकडं तसला कीबोर्ड आहे, त्यात दिवे लागतात, त्यानं डोळे जातात, असं त्यांनी सांगितलं. जावयाचे डोळे गेले का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाही, पण नोकरी गेली."

शेवटी रत्नमालाबाई रिक्षा करून बासितच्या दुकानात गेल्या. बासित कॉम्प्युटरचं सामान विकायचा. त्याचे वडील कमरोद्दीन हे टाइपरायटरचे मेकॅनिक. त्रिरत्नच्या अठरा मशिनी तेहेतीस वर्षं त्यांनी जिवंत ठेवलेल्या. आता ते मुलाच्या दुकानात कोपऱ्यात स्टुलावर बसून जगाकडं खालच्या बाजूनं, म्हणजे स्क्रू जिथं असतात तिथून, बघत असत.

"अस्सलाम आलेकुम, बाई. मशीन बिगडी क्या?"

"मशीन राहिलीच कुठं, कमरोद्दीनभाई. कीबोर्ड घ्यायचाय."

कमरोद्दीनभाईंनी तोंड कडू केलं. "वो टिकल्याँ? उसमें खोलने जैसा कुछ हैच नहीं. बिगड्या तो फेक दो. ये क्या चीज हुई?"

बासितनं आठ-दहा कीबोर्ड मांडले. रत्नमालाबाईंनी पर्समधून रुमाल काढला, हातांवर टाकला, डोळे मिटले आणि एकेकावर पहिल्या आठवड्याचा धडा मारत गेल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं सरकून उभी राहिली. बासित काळजीनं म्हणाला, "मॅडम, इसपे मराठी छपेली नहीं है."

"मला बघायचंय कुठं?"

सातव्या कीबोर्डावर त्या थांबल्या. खट. प्रत्येक कळ बोटाला उत्तर देत होती. "हा."

"मॅडम, ये डिस्प्ले पीस है, बुक हो गया. ऐसाच दुसरा मँगाता. पण सोच लो, साध्यापेक्षा दसपट किंमत है. लोग पूछते, इतना पैसा डालने लायक है क्या, मैं भी बोलता, मालूम नहीं."

तेव्हा कमरोद्दीनभाई स्टुलावरून उठले. त्यांनी त्या कीबोर्डाच्या एका कळेची टोपी नखानं उचकटली, चिमट्यानं आतला खटका उपसला, चष्मा कपाळावर नेऊन डोळ्याजवळ धरला. दहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा झाला.

"स्प्रिंग है इसमें," ते म्हणाले. थोडा वेळ ते नुसते दाबून सोडत राहिले. "बाई, ले लो. जो चीज बिगडने के बाद बनती, वो महँगी नहीं."

हा निकाल ऐकून बाईंनी मागणी नोंदवली. चार दिवसांत येणार होता, नऊ दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांत बाईंनी डाळीच्या डब्याचा रंग उडवला. एका दुपारी त्यांनी सासूबाईंना सहज विचारलं, "कांद्याच्या बाजारात तुम्हाला सही शिकवली ती कोण हो?"

ही गोष्ट मनकर्णाबाई सून घरात आल्यापासून सांगत आलेल्या, पण दर वेळी 'ती पोरगी' म्हणून, नाव न घेता. बाजारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका पोरीनं कोळशानं कांद्याच्या पोत्यावर त्यांचं नाव काढून दाखवलं होतं. लिहिता येणारी तेवढी चार अक्षरं त्या पोरीची देणगी. त्या पोरीला पुस्तकात घालायचं हेच तर सगळ्याचं मूळ होतं.

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. "आत्ता व्हती ग," त्या म्हणाल्या. "आत्ता तोंडात व्हती."

नाव गेलं होतं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. बाईंनी विळीनं ते उभं फाडलं, कीबोर्ड जोडला, बोटं ठेवली. आवाज नाही. तार बघितली, लॅपटॉप बंद करून चालू केला. अक्षरं उमटत होती, आवाज तेवढा नव्हता. घाऊकवाल्यानं निळ्याऐवजी तांबडे खटके पाठवले होते.

बासितनं घाऊकवाल्याला फोन लावला. तिकडून नियम आला. माल बदलून मिळेल, मात्र खोकं उघडतानाचं चित्रीकरण पाहिजे, खोकं अखंड पाहिजे आणि ग्राहकानं चुकीचा माल आल्याबद्दल स्वतःचा चेहरा दाखवून निवेदन केलं पाहिजे. बाईंनी फाटकं खोकं मांडीवर घेऊन तेही निवेदन केलं. उत्तर आलं, चेहरा स्पष्ट आहे, खोकं अस्पष्ट आहे.

"माझ्या हाताखालून तेहेतीस वर्षांत एक अर्ज परत आला नाही," त्या रिक्षात राजकुमारांना म्हणाल्या, "आणि हा माणूस मला खोक्यावरून नापास करतो."

शेवटी कमरोद्दीनभाईंनीच मार्ग काढला. बासितकडं निळ्या खटक्यांची सुटी पिशवी पडलेली होती. म्हाताऱ्यानं टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि एकेक तांबडा खटका चिमट्यानं उपसून तिथं निळा बसवायला घेतला. सत्त्याऐंशी कळा. सकाळी अकराला बसले ते पाचच्या सुमारास असरच्या नमाजाला उठले. बाई समोरच्या खुर्चीवर बसून होत्या आणि प्रत्येक कळ बसली की वाजवून पावती देत होत्या.

घरी आल्यावर कीबोर्ड जोडला तर त्याच्यात सात रंगांचे दिवे फिरायला लागले. ते बंद कसे करायचे हे कुणालाच कळलं नाही. मनकर्णाबाईंना नुसता उजेड हलताना दिसला. "दिवाळी हाय का?" त्यांनी विचारलं.

बाई खुर्चीत नीट बसल्या. रुमाल टाकला आणि मारायला सुरुवात केली. खट खट खट खट, आणि ओळ संपली की एंटरची ती लांबट कळ, धप्.

मनकर्णाबाई उठून बसल्या. "आता कसं," त्या म्हणाल्या, आणि बोलू लागल्या. खट खट चालू असेतो त्या बोलत, धप् झालं की श्वास घेत, पुन्हा बोलत. सही शिकवणाऱ्या पोरीपाशी आल्या तेव्हा त्या अडखळल्या. बाईंनी तेवढी जागा कोरी सोडली आणि पुढं गेल्या.

हे सगळं रोज दुपारी तीन ते पाच. सातव्या दिवशी दाराखालून एक कागद सरकला. इमारतीचे सेक्रेटरी सांडू वाघचौरे नेमके त्यांच्या खालच्या सदनिकेत राहत. वैजापूर तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गृहसंस्थेलाच तहसील करून टाकलं होतं. दूध उशिरा आलं तरी ते आवक रजिस्टरला नोंदवत. कागदावर लिहिलं होतं:

'जा. क्र. ७/२०२३. विषय: सदनिका क्रमांक २०३ मधून येणाऱ्या यांत्रिक आवाजाबाबत. उपरोक्त सदनिकेत विनापरवाना लघुउद्योग सुरू असल्याचा संशय आहे. सात दिवसांत खुलासा करावा. प्रत: नोटीस बोर्ड, लिफ्ट.'

राजकुमार घाबरले. रत्नमालाबाईंचा मात्र संताप झाला, आणि तो लघुउद्योगावरून नव्हता. "यांत्रिक आवाज. माझ्या टायपिंगला. आणि म्हणतंय कोण, तर सांडू वाघचौरे."

कारण सांडू वाघचौरे हे शहाऐंशी सालच्या तुकडीत त्रिरत्नचे विद्यार्थी होते. टायपिंगचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांची वेतनवाढ अडली होती. मराठी तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या, परीक्षेला ते दोनदा नापास झाले, आणि तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांना महिनाभर फुकट, सकाळी सहाला, हातांवर टॉवेल टाकून बसवलं तेव्हा पास झाले. ही गोष्ट वाघचौऱ्यांनी इमारतीत कुणाला सांगितली नव्हती. बाईंनीही नाही. पण नोटीस लिफ्टमध्ये लागली होती.

खुलासा टाइप करून गेला. त्यावर वाघचौऱ्यांनी स्थळपाहणी आणि पंचनाम्याची तारीख दिली. पंच म्हणून लीलाबाई आणि राजकुमार. राजकुमारांनी आपण आरोपीचा नवरा असल्याचं निदर्शनास आणलं, पण दुसरं कुणी दुपारी जागं नसतं, असं उत्तर मिळालं.

ठरल्या वेळी वाघचौरे पॅड घेऊन आले. "बाई, तुम्ही चालू ठेवा. मी नाही असं समजा."

"वाघचौरे, पाठ सरळ."

वाघचौऱ्यांची पाठ त्यांना विचारण्याआधीच सरळ झाली. लीलाबाईंनी मेथीची जुडी सोडली. बाईंनी रुमाल टाकला आणि मनकर्णाबाईंनी कालचा धागा उचलला. व्यापाऱ्यानं बायकांच्या कांद्यात वजनाला फसवलं तेव्हा अकरा बाया टोपल्या डोक्यावर घेऊन तहसीलवर गेल्या, साहेब जेवायला गेलेले म्हणून पायरीवर बसल्या, आणि साहेब मागच्या दारानं निघून गेले.

वाघचौरे लिहीत होते: 'दु. ३ वाजून १० मि. आवाज मध्यम स्वरूपाचा.' थोड्या वेळानं लिहिलं, 'मजकूर स्पष्ट ऐकू येतो.' मग पेन थांबलं. पाच वाजता मनकर्णाबाई दमून आडव्या झाल्या.

"मग बाया उठल्या का?" वाघचौऱ्यांनी विचारलं.

"उद्या," मनकर्णाबाई म्हणाल्या.

वाघचौऱ्यांनी पॅड मिटलं. "पंचनामा अपूर्ण राहिला," ते म्हणाले. "उद्या यावं लागेल."

तो पंचनामा एकोणतीस दिवस चालला. लीलाबाईंची मेथी संपली, मग गवार, मग लसणाच्या पाकळ्या. तिसऱ्या दिवसापासून वाघचौरे चहाचा थर्मास घेऊन येत. मधूनच ते दबक्या आवाजात दुरुस्ती सुचवत, "ते मागचं दार तेव्हा नव्हतं, खिडकी होती." मनकर्णाबाई म्हणत, "मग खिडकीतनं गेला आसंल. लिव."

आश्विन पौर्णिमेला नऊ दिवस उरले तेव्हा पुस्तक पुरं झालं. आत एकच जागा कोरी होती. फाइल सुलेखाताईंकडं गेली, आणि तासाभरात फोन आला.

"बाई, तुम्ही आत्मकथन म्हणाला होतात. हा तर कवितासंग्रह आला."

"कवितासंग्रह?"

"प्रत्येक ओळ तोडलेली आहे. मी पानात ओतलं तर अर्ध्या अर्ध्या ओळी. सहा हजार दोनशे अकरा ठिकाणी तुम्ही एंटर मारलाय."

रत्नमालाबाई खुर्चीत बसल्या. जुन्या मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजे. घंटी वाजली की शब्द पुरा करायचा आणि डाव्या हातानं दांडा ओढून कागद नव्या ओळीवर न्यायचा. कॉम्प्युटरमध्ये ओळ आपोआप वळते, हे पोरासोरांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या बोटांना कुणी सांगितलं नव्हतं. घंटी नव्हती, म्हणून बोटं खाटेवरच्या आवाजाकडं कान लावून होती. तो थांबला की ओळ संपली.

हा पहिल्या आठवड्याच्या विद्यार्थ्याचा गुन्हा. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. लॅपटॉप उघडून त्या एकेक ओळ जोडायला बसल्या. सुलेखाताई म्हणाल्या होत्या की एका फटक्यात सगळ्या ओळी जोडता येतात, पण मग बायांची भांडणंही एकमेकांत जोडली जातील. दोन दिवसांत तीन प्रकरणं झाली आणि उजवी करंगळी सुजली. वाघचौरे पंचनाम्याच्या वेळेला सवयीनं आले. त्यांनी करंगळी पाहिली, स्क्रीन पाहिली, सगळं ओळखलं. "शहाऐंशी साली मीही ओळी अशाच तोडायचो," एवढंच ते म्हणाले, आणि खाली जाऊन हळद घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी जोडलेला मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला. मनकर्णाबाईंनी तोंड वाकडं केलं.

"ह्ये कोण बोलतंय?"

"तुम्हीच, आत्याबाई."

"मी अशी धावत कवा बोलले? मधी दम कुठं घ्यायचा?"

रत्नमालाबाईंनी पुढचं प्रकरण उघडलं. ते अजून जोडायचं होतं. कांद्याच्या बाजाराचं. त्या तोडलेल्या ओळी जशा होत्या तशा, प्रत्येक ओळीशी थांबत, वाचू लागल्या.

"पोतं उलटं केलं,
कोळसा घेतला चुलीतला,
म्हणाली बघ, ही तू,
आणि माझं नाव काढलं
तिनं..."

पुढं कोरी जागा होती. वाचायला काही नव्हतं म्हणून बाई थांबल्या. खोलीत लीलाबाईंच्या हातातला लसूण थांबला.

"जमिला," मनकर्णाबाई म्हणाल्या. कुणी मीठ मागावं तसं सहज. "जमिला. बाळी ओढून कान फाटला व्हता तिचा. मी इसरेन व्हय तिला?"

बाईंनी रुमाल घेतला नाही. कळांकडं बघून, सावकाश, एकेक अक्षर वाजवत त्यांनी नाव मारलं. सोडलेली जागा बरोबर पुरली. मग त्यांनी सुलेखाताईंना फोन लावला. "जोडलेल्या तीन प्रकरणांच्या ओळी पुन्हा तोडून पाठवते. जसं आहे तसं छापा."

आश्विन पौर्णिमेला विहारात पुस्तक ठेवलं गेलं. बाया आळीपाळीनं वाचत होत्या. त्यात कित्येकजणी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं वाचत होत्या, आणि कुणाचाही दम मध्येच तुटला नाही.

पुढं काय झालं ते सांगायचं तर, एका वाचनालयानं ते पुस्तक कवितेच्या कपाटात लावलं आणि मनकर्णाबाईंना वैजापूरला कविसंमेलनाचं बोलावणं आलं. त्या गेल्या. माइकसमोर म्हणाल्या, "मी कविता केली नाय. सुनेनं माझा दम मोजला," आणि खाली बसल्या. लीलाबाईंनी आपलीही गोष्ट लिहून घ्यायला सुरुवात केली. ती जावयापासून सुरू होते आणि अजून तिथंच आहे. उपसलेले सत्त्याऐंशी तांबडे खटके आकाश पुण्याला घेऊन गेला, कारण त्याच्या निळ्यांबद्दल ऑफिसात तक्रार झाली होती. राजकुमारांचा साधा कीबोर्ड उन्हाळ्यात पंख्याखाली वर्तमानपत्र उडू नये म्हणून वापरात आहे. बासितनं दुकानावर पाटी लावली, 'मेकॅनिकल कीबोर्ड खोलून दुरुस्त करून मिळतील', आणि कमरोद्दीनभाई स्टूल कोपऱ्यातून उचलून काउंटरपाशी आले. दिवे बंद करायची कळ त्यांना पहिल्याच महिन्यात सापडली होती. बाईंनी ते चालूच ठेवायला सांगितले. आत्याबाईंना तेवढं दिसतं, म्हणाल्या.

मनकर्णाबाईंना त्या आवाजाशिवाय दुपारची झोप येईनाशी झाली. मग बाई रोज तीनला बसून काहीबाही मारत, भाजीची यादी, जुने धडे, जमिलाला पत्र. दोन हजार पंचवीसच्या माघात अशाच एका दुपारी मनकर्णाबाई झोपल्या त्या उठल्या नाहीत. बाईंना ते ओळ संपल्यावर कळलं. श्वास घेतल्याचा आवाज आला नाही.

कीबोर्डवर रुमाल पडला. जलदानविधी झाला, पाहुणे गेले. त्यानंतर दोन आठवडे गेले. एका दुपारी दाराखालून कागद सरकला.

'जा. क्र. ३/२०२५. विषय: सदनिका क्रमांक २०३ मधून आवाज न येण्याबाबत. उपरोक्त सदनिकेतून दु. ३ ते ५ या वेळेत येणारा आवाज काही दिवसांपासून बंद असल्याचे निदर्शनास आले आहे. खालील रहिवाशाची गैरसोय होत आहे. खुलासा करावा.'

प्रत कुणालाच नव्हती. रत्नमालाबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्या टेबलाशी गेल्या, रुमाल उचलला, पाठ सरळ केली आणि खुलासा टाइप करायला बसल्या. पहिली ओळ संपली तेव्हा, खाली नीट ऐकू जावं अशा बेतानं, त्यांनी एंटर मारला.